घरी शिकवायचे आहे? आधी राज्याचा कायदा वाचा

अमेरिकेत मुलांना घरी शिकवणे पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे. नियम मात्र प्रत्येक राज्याचे वेगळे. डॅलसच्या मैत्रिणीचा सल्ला फिलाडेल्फियात कामाला येत नाही. म्हणूनच तिकडे स्थिरावलेली मराठी कुटुंबे नव्याने आलेल्यांना आधी ‘कुठल्या राज्यात?’ असे विचारतात. अभ्यासक्रमाचे बोलणे नंतर.

टेक्सासमध्ये बरीच मोकळीक आहे. लीपर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली घरच्या शाळेला खासगी शाळेचा दर्जा मान्य केला. नोंदणी नाही, सरकारी परीक्षा नाही. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्र मात्र खरोखर शिकवले पाहिजे.

पेनसिल्व्हेनियात याच्या अगदी उलट. शिकवणारे पालक किमान हायस्कूल उत्तीर्ण हवेत. सुरुवातीला आणि त्यानंतर दरवर्षी 1 ऑगस्टपर्यंत स्कूल डिस्ट्रिक्टकडे प्रतिज्ञापत्र द्यायचे. त्यासोबत विषयवार उद्दिष्टे आणि लसीकरणाचा पुरावा जोडायचा. वर्षाला 180 दिवस, किंवा प्राथमिक वर्गांसाठी 900 आणि माध्यमिकसाठी 990 तास शिकवणे बंधनकारक आहे. तिसरी, पाचवी आणि आठवीत प्रमाणित चाचणी असते. शिवाय मुलाच्या कामाची फाइल दरवर्षी पात्र मूल्यमापकाकडून तपासून घ्यावी लागते.

न्यू यॉर्कही कडक आहे. वर्षाच्या मध्येच सुरुवात केली, तर 14 दिवसांत लेखी सूचना द्यायची. पुढे शिक्षण आराखडा आणि दर तिमाहीला अहवाल.

न्यू जर्सीत शाळेशी ‘समतुल्य’ शिक्षण मिळावे, अशी अट आहे. शिक्षकाची पदवी नसलेली आईही ते देऊ शकते, हे 1967 च्या मासा खटल्यात स्पष्ट झाले.

नवख्यांची गफलत होते ती शाळा सोडताना. मुलाला आधी घरी बसवले आणि कागदपत्रे मागाहून दिली, तर मधले दिवस गैरहजेरीत धरले जाऊ शकतात. पेनसिल्व्हेनियात विनाकारण 3 दिवस चुकले तरी मूल ‘ट्रूअंट’ (शाळा चुकवणारे) ठरते. त्यामुळे शाळा सोडण्याचे पत्र रजिस्टर टपालाने पाठवावे आणि पोचपावती जपून ठेवावी. पुस्तकांची यादी, हजेरी आणि वह्यांचे नमुनेही ठेवावेत. राज्य बदलताना किंवा मूल पुन्हा शाळेत जाताना ते लागतात. भारतात परतणाऱ्यांना एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची) दहावी खुली आहे. त्यासाठी किमान वय 14.

नोकरीची पुढची बदली जर्मनीत असेल, तर हा बेत सोडून द्यावा. तिथे मुलांनी शाळेत जाणे सक्तीचे आहे आणि हा नियम मोडणाऱ्या पालकांना दंड होतो.