प्रोबेटची नोटीस : केवळ उपचार नव्हे

मृत्युपत्र खरे की खोटे, हे सांगायला ते करणारा माणूस हयात नसतो. म्हणून मृत्युपत्रात नेमलेला निष्पादक प्रोबेट, म्हणजे ते मृत्युपत्र शाबीत झाल्याचा न्यायालयाचा दाखला मागतो, तेव्हा हितसंबंधीयांनाही बोलण्याची संधी मिळाली पाहिजे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम २८३ मधील ‘सायटेशन’ची नोटीस याचसाठी आहे.

समजा, बेळगावच्या एका गृहस्थांनी मराठीत मृत्युपत्र करून सारी मिळकत मुलाला दिली. मुलगी कोल्हापुरास दिलेली; तेथेही त्यांचे एक घर आहे. बेळगावच्या जिल्हा न्यायाधीशांनी काढलेली नोटीस न्यायालयात ठळक जागी व जिल्हाधिकारी कचेरीत लागते. शिवाय न्यायाधीश सांगतील त्या रीतीने प्रसिद्ध होते. अर्जात कोल्हापूरचे घर दाखवले असेल, तर नोटिशीची प्रत तेथील जिल्हा न्यायाधीशांकडे जाते व तेथेही तशीच प्रसिद्ध होते. कायद्याला राज्याची सीमा आडवी येत नाही.

नोटीस मिळाल्यावर मुलीला हरकत असेल, तर तिने कॅव्हेट दाखल करावे. मग तिला कळविल्याशिवाय अर्जावर पुढील कामकाज होत नाही, आणि वाद उभा राहिल्यास अर्ज दाव्याप्रमाणे चालतो. मात्र तेथे प्रश्न मृत्युपत्राच्या खरेपणाचा असतो; घर मुळात कोणाच्या मालकीचे, याचा निकाल तेथे लागत नाही.

जिला नोटीस देणे आवश्यक होते तिला ती दिलीच नाही, तर? कलम २६३ प्रमाणे प्रोबेट रद्द करण्यास ते योग्य कारण ठरते. पण ते आपोआप रद्द होत नाही. अनिल बिहारी घोष विरुद्ध लतिका बाला दासी या १९५५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, नोटिशीची उणीव असूनही, एकंदर परिस्थिती पाहून प्रोबेट कायम ठेवले. म्हणून कळताच हालचाल करावी. स्वस्थ बसू नये.

न्यायालयाची भाषा कन्नड असेल, तर मराठी मृत्युपत्रासोबत भाषांतर जोडावे लागते. न्यायाधीशांना मजकूर समजावा ही काळजी कायद्याने घेतली आहे. तीच काळजी नोटिशीबाबतही घ्यावी, असे मला वाटते. माझ्यासारख्या दोन्ही भाषा येणाऱ्याला अडचण पडणार नाही. पण कोल्हापूरच्या त्या मुलीच्या हाती कन्नड कागद पडला, तर नोटीस पोहोचेल, निरोप पोहोचणार नाही. ज्याला कळवायचे त्याला कळले, तरच ते कळवणे.