जुनी फोर बाय फोर पिकअप घेताय? आधी पुढचा ॲक्सल बघा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण धंद्यासाठी सेकंड हँड गाडी घेण्याचं गणित पाहिलं. त्यातला एक मुद्दा इथे सविस्तर घेऊ. घाटातल्या वाड्या-वस्त्यांवर माल पोचवायचा, शेतातून माल काढायचा, तर फोर बाय फोर लागते. पण गाडी बघायला गेल्यावर आपण काय बघतो? इंजिन, टायर, रंग. पुढचा ॲक्सल कुठल्या प्रकारचा आहे, हे फार थोडे जण विचारतात. पुढे गॅरेजचं बिल मात्र त्यावरच ठरतं.

प्रकार दोन

पहिला, रिजिड ॲक्सल. दोन्ही चाकं एकाच सलग लोखंडी हाउसिंगला जोडलेली, मधे डिफरन्शियल, आणि जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा खाली पाटे. जुन्या महिंद्रा जीप अशाच. हलणारे भाग कमी, त्यामुळे दुरुस्ती सोपी. गाडी भरली तरी डिफरन्शियलखालची जागा जवळपास तेवढीच राहते. पण एक चाक दगडावर चढलं की दुसऱ्यालाही हिसका बसतो, आणि डांबरी रस्त्यावर वेगात गाडी धडधडते.

दुसरा, इंडिपेंडंट. डिफरन्शियल चासीला बसवलेलं, प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होतं. टाटा झेनॉन या प्रकारची. रस्त्यावर आराम, स्टिअरिंगवर चांगला ताबा. पण बॉल जॉइंट, बुश, सीव्ही जॉइंट, त्यांचे रबरी बूट असे झिजणारे भाग जास्त. आणि माल भरला की चासीबरोबर डिफरन्शियलही खाली येतं.

मग चांगला कुठला?

प्रश्नच चुकीचा आहे! कंपन्यासुद्धा गिऱ्हाईक बघून ठरवतात. टोयोटाने अमेरिकेतल्या फोर बाय फोर पिकअपला 1986 च्या मॉडेलपासून इंडिपेंडंट सस्पेन्शन दिलं, पण इतर काही देशांत रिजिड ॲक्सलची हायलक्स त्यानंतरही विकत राहिली. आपल्याकडे 2010 ची थार आठवा. डीआय मॉडेलला पुढे पाटे, सीआरडीईला इंडिपेंडंट. कंपनी एक, गाडी एक, गिऱ्हाईक दोन.

तुमचा रूट वहीत लिहा. 100 किलोमीटरपैकी 80 डांबरी असतील, तर इंडिपेंडंट बघा. ड्रायव्हर कमी थकेल, वेळ वाचेल. रोजचं काम दगड, ओढे, चिखल आणि पूर्ण भरलेला माल असं असेल, तर रिजिड बरा. तिसरी गोष्ट, तुमच्या तालुक्यातला मेस्त्री कुठला ॲक्सल सहज खोलतो आणि पार्ट किती दिवसांत मिळतो?

समजा गाडी दिवसाला 2,500 रुपये कमावते. एका पार्टसाठी 5 दिवस उभी राहिली, तर 12,500 रुपये गेले, आणि पार्टचं बिल वेगळंच. हप्ता मात्र थांबत नाही.

घेण्याआधी तपासा

1. पुढचं चाक जॅकवर उचला. वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंगपिन झिजलंय. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ लागला, तर टाय रॉडकडे बघा.
2. इंडिपेंडंट असेल तर सीव्ही बूट फाटलेत का बघा. पूर्ण वळण घेताना कट-कट आवाज आला, तर जॉइंट गेला असं समजा.
3. टॉर्शन बारची गाडी बोल्ट आवळून उंच केलेली नाही ना, हे विचारा. दिसायला रुबाबदार, पण सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो आणि झीजही.
4. रिजिड असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला ऑइल गळतंय का, हाउसिंगवर वेल्डिंगच्या खुणा आहेत का, पाटे तुटलेत का, ते बघा.
5. फोर व्हील मातीवर टाकून चालवा. जुन्या पार्ट-टाइम गाडीत कोरड्या डांबरावर ती लावून वळवू नका, ट्रान्समिशनवर ताण येतो.

"नंतर बदलून घेऊ" म्हणू नका

हा सल्ला हमखास मिळतो. ॲक्सल बदलायचा म्हणजे स्टिअरिंग, ब्रेक, प्रॉपेलर शाफ्ट सगळंच जुळवत बसायचं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केलं. आरटीओत विचारल्याशिवाय हात घालू नका. विम्याच्या क्लेमलाही अडचण येऊ शकते.

म्हणून निवड खरेदीच्या दिवशीच करायची. भांडवल थोडं असतं तेव्हा चुकीची गाडी म्हणजे धंदा सुरू होण्याआधीच बसलेला खड्डा.

आजचा गृहपाठ : पुढच्या एका महिन्याच्या फेऱ्यांची यादी करा. डांबरी किती, कच्चा किती, वजन किती. ती वही घेऊन जवळच्या मेस्त्रीकडे जा, आणि मगच गाडी बघायला निघा.

भेटूया पुढच्या भागात!