पाना कुणाच्या हातात

अगं, तुझा मेसेज वाचला आणि आधी खरंच आनंद झाला. जीएनएम नर्स होऊन चार वर्षं वॉर्डात काढलीस, आता वर्षभर युगांडातल्या खेड्यात आरोग्याचं शिकवायला जायचं म्हणतेस. आई रडली असेल, बाबा गप्प असतील. आमच्याकडेही हेच झालं होतं. त्यांची समजूत घालायचं काम माझ्याकडे लागलं. पण आधी तुझ्याशी बोलायचंय.

मी गेले ती हापशांसाठी. सोलापूरची मुलगी, मेकॅनिकलचा डिप्लोमा, हातपंप दुरुस्तीच्या गाडीतून गावोगाव फिरलेली. पूर्व युगांडात सोरोटीच्या बाजूला एका गावात उतरले, तर आंब्याच्या झाडामागे जो हापसा उभा होता तो आपलाच. १९७०च्या दशकात सोलापूर पंपावरून इंडिया मार्क टू घडला, युनिसेफने तो देशोदेशी नेला, आणि युगांडात त्यालाच यू-टू म्हणतात. तोच लांब दांडा, तीच साखळी. परमुलखात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं मला.

आणि तिथेच माझी चूक झाली. हापसा बंद होता, बायका दलदलीतलं पाणी पिवळ्या जेरीकॅनमध्ये भरून आणत होत्या. मला राहवेना. दुसऱ्याच दिवशी माणसं लावून पाइप वर काढले, सिलेंडर उघडला, झिजलेले वायसर बदलले. दिवस मावळायच्या आत पाणी आलं. बायका नाचल्या, एकीने कोंबडी आणून दिली. त्या रात्री मी घरी फोन करून आनंदाने रडले. सात महिन्यांनी त्याच गावात परत गेले, तर हापसा बंद आणि बायका पुन्हा दलदलीवर. बिघाड केवढा? साखळीचा बोल्ट सैल होऊन पडला होता. दहा मिनिटांचं काम. पण गावात पाना धरायला कुणी शिकलंच नव्हतं, कारण मी कुणाला धरू दिला नव्हता. एक आजी म्हणाली, “तू येशील म्हणून थांबलो होतो.” ते वाक्य अजून मला झोपू देत नाही.

मग मी रीत बदलली. त्याच गावातल्या चार बायका शिकवायला घेतल्या. माझं अर्ध्या दिवसाचं काम त्यांना तीन दिवस लागायचं. एकदा पाइप हातून निसटून बोअरमध्ये गेला, तो काढण्यात अख्खा दिवस गेला. मी हात मागे बांधून उभी राहिले. खरं सांगते, पाइप ओढण्यापेक्षा ते अवघड होतं. पण त्यांच्याकडूनच मला एक गोष्ट कळली. शेजारच्या गावातला हापसा चालू असूनही तिथे कुणी जात नव्हतं, कारण पाणी तांबडं यायचं. भात तांबडा, कपडे तांबडे. आम्लयुक्त पाण्याने जस्त चढवलेले लोखंडी (जीआय) पाइप आतून गंजत होते. कागदावर तो हापसा ‘चालू’ होता. बायकांना विचारलंच नव्हतं कुणी.

तुझ्या कामातही हेच आहे बघ. आपल्याकडे आशा सेविका असतात, तशी युगांडात २००१ पासून गावोगाव व्हिलेज हेल्थ टीम आहे. ही माणसं त्याच गावची असतात. जिथे त्यांना तसं प्रशिक्षण मिळालंय, तिथे पाच वर्षांखालच्या मुलांचा मलेरिया, जुलाब आणि न्यूमोनिया तीच बघतात. बोट टोचून मलेरियाची चाचणी करतात, श्वास मोजतात: २ महिन्यांपासून वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांचं असेल तर ४० किंवा जास्त म्हणजे धोका. तुला हे पाठ आहे, त्यांनाही आहे. तू त्यांच्या शेजारी बस, त्यांच्या पुढ्यात नको.

जुलाबावरच्या ओआरएसचंच घे. पुडीवर लिहिलेलं असतं, एक लिटर पाण्यात घाला. घरात लिटरचं माप नसतं. पाण्याचा जेरीकॅन वीस लिटरचा. तू फळ्यावर लिटर लिहिशील आणि ती माउली अंदाजाने अर्ध्या लिटरमध्ये अख्खी पुडी ओतेल, आणि जास्त दाट झालेलं ते पाणी लेकराला बाधेल. म्हणून आधी तिच्या घरात जा, कुठला मग आहे, कुठली बाटली आहे ते बघ. अर्ध्या लिटरची सोड्याची बाटली सापडली तर दोनदा भरून दाखव. नंतर तिच्या हातून करून घे आणि चव तिलाच घ्यायला लाव. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर हेच पाणी नातेवाइकांच्या हाती दिलं होतं. कॉलऱ्याने मरणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. पाजणारे हात आयांचे, बहिणींचे होते. जाण्याआधी जमलं तर जामखेडला एक चक्कर मार. आरोळे पती-पत्नींनी १९७० पासून गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना आरोग्याचं काम कसं शिकवलं, ते तिथे डोळ्यांनी बघता येतं.

आता थोडं कडक बोलते. तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही, टाका घालायचा नाही, बाळंतपण करायचं नाही. “इथे चालतं” असं कुणीही म्हणू दे. जे सोलापुरात तुला एकटीला करू देणार नाहीत, ते तिथल्या गरीब बाईवर करायचा अधिकार तुला विमानाचं तिकीट देत नाही. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घे, आणि ते प्रमाणपत्र जपून ठेव. परत येताना ते नसेल तर आपलंच सरकार तुला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं. मलेरियाच्या गोळ्या चुकवू नकोस, आणि परतल्यावर काही महिन्यांनीही ताप आला तर डॉक्टरांना आधी युगांडाचं नाव सांग. सुई टोचली तर लाजून बसू नकोस, एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. तिथल्या क्योगा तलावाच्या पाण्यात पाय घालायचा नाही, गोगलगायींतून बिल्हार्झिया होतो.

भेटलं की आधी “योगा” म्हणायचं, तो सोरोटीकडचा रामराम. आभार मानायचे तर “एयालामा”. कामाचं बोलणं घरच्यांची, गुरांची, पिकाची चौकशी झाल्यावर. आणि एक लक्षात ठेव, १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला. त्यामुळे भारतीय माणूस तिथे कोरी पाटी घेऊन जात नाही. म्हातारी माणसं तुझ्याशी त्या वेळच्या आशियाई दुकानदारांबद्दल, भांडणांबद्दल बोलतील. ऐकून घे.

स्वयंसेवक पाठवणाऱ्या काही संस्था तुझ्याकडूनच मोठी फी मागतील आणि दोन आठवड्यांसाठी अनाथाश्रमात ‘सेवा’ करायला पाठवतील. त्या वाटेला जाऊ नकोस. अशा कित्येक ठिकाणची मुलं अनाथ नसतात, पाहुण्यांच्या पैशासाठी आईबापांपासून तोडलेली असतात. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० पासून आहे, त्यात राहण्याखाण्याचा भत्ता आणि विमा मिळतो. तिथेही अर्ज करून ठेव.

तुला बोलावणाऱ्यांना आजच एक पत्र लिही. विचार, की माझ्या बरोबरीने काम करणारी तिथली बाई कोण, आणि मी परतल्यावर हे काम ती करणार आहे का? तिचं नाव कळवलं, तर तिकीट काढ. “तुम्ही आल्यावर बघू” असं उत्तर आलं, तर जाऊ नकोस.