काळा दगड आणि उसाचे चिपाड

बारामतीहून फलटणकडे जाणाऱ्या वाटेवर, नीरा नदीच्या काठी, सांगवी हे गाव आहे. भोरच्या डोंगरांत उगम पावलेली नीरा येथून पूर्वेस वाहत जाते व इंदापूर तालुक्यात नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. तिच्या पाण्यावर आणि नीरा डाव्या कालव्यावर हा सारा मुलूख उसाने हिरवागार झाला. परंतु अलीकडच्या काही वर्षांत नदीचे पाणी काळवंडते, त्याला दुर्गंधी येते, मासे मरून वर तरंगतात, अशा तक्रारी या काठच्या गावकऱ्यांना कराव्या लागल्या आहेत. ज्या पाण्यावर शेते, गुरे आणि माणसे जगावयाची, तेच नासले तर काय करावे?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग पायाखालच्या काळ्या दगडात आणि उसाच्या चिपाडात दडलेला आहे, हे ऐकून कोणासही नवल वाटेल.

प्रथम दगड पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भूमीवर लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. रस निवत असता त्यातील वायूचे बुडबुडे आत अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजे विरघळलेले पाणी त्या पोकळ्यांत झिरपले व तेथे स्फटिक वाढले. विहीर खणताना खडक फुटला की, कधीकधी आत सुयांसारखे किंवा पाकळ्यांसारखे शुभ्र स्फटिक चमकताना दिसतात, ते हेच. त्यांपैकी पुष्कळ झिओलाइट या कुळातील असतात. पुणे, नाशिक व जळगाव या भागांतील झिओलाइट इतके देखणे आहेत, की जगातील मोठमोठ्या संग्रहालयांनी ते जपून ठेवले आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातही ते पाहावयास मिळतात.

क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने १७५६ मध्ये असा एक दगड तापवला, तेव्हा तो फसफसून वाफ सोडू लागला. म्हणून त्याने ग्रीक शब्दांवरून ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचे हे नाव त्याला दिले. कोरड्या दिसणाऱ्या दगडात पाणी आले कोठून? झिओलाइटच्या अंतरंगात सारख्या आकाराच्या असंख्य खोल्या आणि बोळ असतात. त्यांची रुंदी एका नॅनोमीटरच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी असते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग; माणसाचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो! या खोल्यांत पाण्याबरोबर सोडिअम, कॅल्शिअम अशा धातूंचे विद्युतभारित कण वस्तीस असतात. शिसे किंवा अमोनिअम मिसळलेले पाणी त्यांतून गेले, की आतील कण बाहेर पडतात व त्यांच्या जागी ते उपद्रवी कण आत अडकतात. १९८६ च्या चेर्नोबिल आणि २०११ च्या फुकुशिमा येथील अणुदुर्घटनांनंतर किरणोत्सारी सीझिअम पकडण्यासाठी झिओलाइटच वापरण्यात आले.

निसर्गाने दिलेल्या खोल्यांवर मात्र माणूस संतुष्ट राहिला नाही. धातूच्या कणांचे खांब आणि कार्बनयुक्त रेणूंच्या तुळया जोडून त्याने हव्या त्या मापाच्या जाळ्या रचल्या. त्यांना धातु-सेंद्रिय चौकटी असे म्हणतात. अशा काही ग्रॅम भुकटीच्या आतील भिंती उलगडून पसरल्या, तर फुटबॉलचे मैदान झाकले जाईल! या कार्याबद्दल २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉब्सन व ओमर याघी यांना मिळाले. याघी हे अम्मान शहरात एका निर्वासित कुटुंबात वाढले. त्यांच्या घरी पाणी आठवड्या-पंधरवड्यातून एकदा येई. पुढे याच चौकटींच्या साहाय्याने त्यांनी वाळवंटातील हवेतून पाणी काढून दाखवले. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतही पाण्यातील विषारी द्रव्ये पकडणाऱ्या अशा चौकटींवर संशोधन झाले आहे.

तथापि, येथे एक अडचण आहे. ही चौकट म्हणजे बारीक पीठ. ते वाहत्या पाण्यात टाकावे, तर पाण्याबरोबर निघून जाणार! त्याला धरून ठेवणारा आधार हवा, आणि तो वनस्पती देतात. रस काढून उरलेले उसाचे चिपाड, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात, बहुधा बॉयलरच्या भट्टीत जळते. वाळलेल्या चिपाडात सुमारे ४० ते ५० टक्के सेल्युलोज असते. क्षार व आम्ल यांची प्रक्रिया करून त्याचे नॅनोमीटरमध्ये मोजावे इतके बारीक तंतू काढता येतात. त्या तंतूंवरच स्फटिक वाढवले, की स्पंजासारखा पदार्थ किंवा मणी तयार होतात. दोन पदार्थांच्या अशा जोडणीस संमिश्र म्हणतात. तंतू धरून ठेवतात, स्फटिक विष टिपतात. कापडाचे रंग, शिसे, आर्सेनिक यांवर असे संमिश्र प्रयोगशाळांत उपयोगी ठरले आहेत.

मग नीरेत हे मणी सोडले म्हणजे झाले का? नाही. मासे मरतात ते पुष्कळदा निराळ्या कारणाने. सांडपाण्यातील साखर, दूध, मैला यांचे अंश जिवाणू खातात आणि खाताना पाण्यातील प्राणवायू संपवून टाकतात. त्या घाणीचा भार एवढा मोठा असतो, की स्फटिकांच्या चिमुकल्या खोल्या तिला पुऱ्या पडणार नाहीत. ती नदीत येण्यापूर्वीच, जेथे निर्माण होते तेथे, टाक्यांत हवा घालून जिवाणूंकरवी संपवावी लागते. हे काम जुने व ठाऊक असलेले आहे. त्यासाठी नव्या शोधाची वाट पाहण्याचे कारण नाही. त्यानंतर जे विरळ विष मागे राहते, त्याच्यासाठी हे संमिश्र होत.

शिवाय खोल्या भरल्या, की त्या रिकाम्याही कराव्या लागतात. झिओलाइट मिठाच्या पाण्याने धुतला तर अडकलेले अमोनिअम बाहेर येते व तो पुन्हा कामास लागतो. परंतु जे विष आधी नदीभर पसरले होते, ते आता बादलीभर धुवणात उतरलेले असते. ती बादली कोठे रिकामी करावयाची, याची व्यवस्था आधी ठरवूनच हे मणी नदीकाठी आणावे लागतील.