छापले म्हणून खरे मानावे काय?



नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रातील शाळांमधून गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. त्या दिवसांत माझ्या वर्गातील एका मुलीची आई मोबाईल घेऊन आली. म्हणाली, "सर, ह्या सुईनं पोरं स्वमग्न होतात म्हणे. विलायतेच्या डॉक्टरचा शोध आहे." मी म्हणालो, "ताई, सरकारी लस आहे, विश्वास ठेवा." ती काही न बोलता गेली. लसीच्या दिवशी मुलगी शाळेत आली नाही.

चूक माझी होती. तिने एका मोठ्या नावाचा दाखला दिला आणि मी दुसऱ्या मोठ्या नावाचा. पुरावा दोघांनीही दिला नाही.

केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांपुढे हाच पेच मांडला होता. येणारा प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, मग मानावे कोणाचे? केवळ परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, असे तथागतांनी त्यांना सांगितले. याचा अर्थ काहीच मानू नका असा नव्हे. पारखून घ्या, असा आहे. मग विज्ञानाची गोष्ट पारखावी कशी? तो विलायती शोधच तपासून पाहू.

१९९८ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध छापून आला. गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध असावा, असा संशय त्यातून पसरला.

पहिला प्रश्न : किती जणांना तपासले? अवघ्या १२ मुलांना! लस न घेतलेल्या मुलांशी तुलनाही नव्हती.

दुसरा प्रश्न : सांगणाऱ्याचा त्यात काही लाभ आहे काय? लस बनविणाऱ्या कंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते. निबंधात त्यांनी हे सांगितले नव्हते. २००४ साली ब्रायन डियर या पत्रकाराने ते उजेडात आणले.

तिसरा प्रश्न : इतरांनी तपासले तेव्हा तेच आढळले काय? डेन्मार्कमध्ये सुमारे ५ लाख ३७ हजार मुलांची पाहणी झाली. तिचा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. २०१९ साली तेथीलच सुमारे ६ लाख ५७ हजार मुलांची दुसरी पाहणी प्रसिद्ध झाली. लस घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांची तुलना करूनही संबंध आढळला नाही.

चौथा प्रश्न : त्या निबंधाचे पुढे काय झाले? २००४ साली तेरापैकी दहा लेखकांनी त्या अनुमानातून अंग काढून घेतले. फेब्रुवारी २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढले गेले.

म्हणजे आठ वर्षांपूर्वी मागे घेतलेला निबंध आमच्या वस्तीतील मोबाईलवर नवा शोध म्हणून फिरत होता! नियतकालिक मोठे होते, लिहिणारा डॉक्टर होता, तरी गोष्ट टिकली नाही. ती खोडली कोणी? विज्ञानाच्याच तपासणीने. आपली चूक शोधून ती जाहीर करणे हे विज्ञानाचे बळ आहे. अफवा मात्र आपली चूक कधीच कबूल करीत नाही.

हे सारे वाचून मी त्या ताईंच्या घरी गेलो. हेच चार प्रश्न त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी निमूट ऐकले आणि विचारले, "फक्त बाराच पोरं?" पुढच्या फेरीत मुलीला लस मिळाली.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी भागात, गोवराची साथ आली आणि बालके दगावली. ती बातमी वाचताना मला हीच मुलगी आठवली.

तेव्हा कोणी शास्त्राच्या नावाने काही सांगितले, तर हे चार प्रश्न जरूर विचारा. सांगणारा डॉक्टर असो, वर्तमानपत्र असो वा शाळामास्तर. मलाही सोडू नका.