घर आणि कारखाना एकाच छपराखाली : स्मोक अलार्मची तपासणी व देखभाल

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागातील दाणा बाजारात ३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे चारच्या सुमारास तळमजल्यावरील शिलाईच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर झोपलेले एकाच कुटुंबातील सात जण मरण पावले. त्यांत दोन लहान मुले होती. आग पहिल्या मजल्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, माणसे धुराने गुदमरली, असे पोलिसांनी त्या वेळी सांगितले. पुढच्या वर्षी १८ मे २०२५ रोजी, पुन्हा पहाटेच, सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील टॉवेल कारखान्यात आठ जण गेले. मालकाचे कुटुंब कारखान्याच्या आवारातच राहत होते. त्याआधी ३१ डिसेंबर २०२३ रोजी वाळूज येथे हातमोज्यांच्या कारखान्यात झोपलेले सहा कामगार असेच मृत्युमुखी पडले होते.

तिन्ही ठिकाणी धंदा आपल्याच जातकुळीचा, वेळ रात्रीची आणि माणसे झोपेत. मुंब्रा-कौसा, राबोडी, कल्याण, भिवंडी या पट्ट्यात खाली गाळा व वर बिऱ्हाड, किंवा पुढच्या खोलीत मशिनी आणि मागच्या खोलीत मुलेबाळे, ही आपली नेहमीची व्यवस्था आहे. ती एका दिवसात बदलणार नाही. मग निदान धूर झाल्याचे वेळेवर कळावे, एवढी सोय तरी हवी.

वाचक बंधूंनो, कापडाची आग कशी लागते हे आपण व्यापारी चांगले जाणतो. सुती ताग्यांच्या थप्पीत किंवा चिंध्यांच्या पोत्यात ठिणगी पडली, तर लगेच ज्वाळा दिसत नाही. माल आतल्या आत तासन् तास धुमसतो. तेवढ्या वेळात खोली धुराने भरते. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. ॲक्रिलिक, नायलॉन आणि गाद्यांचा फोम जळला तर सायनाइडसारखा विषारी वायूही निघतो. "वास आला की जाग येईलच" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. हा मोठा गैरसमज आहे. गाढ झोपेत नाक जवळजवळ बंद पडल्यासारखेच असते, कान मात्र जागा राहतो. म्हणून झोपलेल्या माणसाला वासाने नव्हे, आवाजाने उठवावे लागते. स्मोक अलार्मचे काम ते एवढेच. दहा फुटांवर सुमारे ८५ डेसिबलचा कर्कश आवाज तो करतो.

बाजारात हे यंत्र मुख्यतः दोन जातींचे मिळते. एकात प्रकाशाची किरणे असतात. धूर आत शिरला की प्रकाश विखुरतो आणि भोंगा वाजतो. याला फोटोइलेक्ट्रिक म्हणतात. दुसऱ्यात अमेरिशियम या किरणोत्सर्गी धातूचा अगदी सूक्ष्म अंश असतो. तो भडकलेल्या ज्वाळा लवकर ओळखतो. धुमसणाऱ्या आगीत मात्र पहिली जात सरस ठरते. आपला माल धुमसणारा आहे, तेव्हा दुकानदाराला स्पष्ट सांगून फोटोइलेक्ट्रिकच घ्यावा.

तो कोठे लावावा? धूर वर चढतो, म्हणून छताला, शक्यतो मध्यभागी. भिंतीपासून निदान चार इंच दूर. भिंतीवरच लावायचा असेल तर छतापासून चार ते बारा इंच खाली. पंख्याच्या पात्याच्या टोकापासून तीन फूट आणि चुलीपासून दहा फूट अंतर ठेवावे, नाहीतर फोडणी दिली की भोंगा सुरू. झोपण्याच्या प्रत्येक खोलीत एक, आणि खाली गाळा असेल तर जिन्याच्या वरच्या टोकाला एक हवाच. कारण खालचा धूर जिन्यानेच वर येतो. खालचा भोंगा वर ऐकू येत नसेल, तर एक वाजला की सगळे वाजतात असे एकमेकांशी जोडलेले अलार्म मिळतात, ते घ्यावेत. दोन पैसे जास्त गेले तरी या एका बाबतीत काटकसर मला पसंत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे यंत्र लावले की काम संपले असे मानतात. अमेरिकेत हे अलार्म घरोघर आहेत, तरी तेथील अग्निसुरक्षा संस्थेच्या पाहणीनुसार घरच्या आगीतील दर पाचपैकी सुमारे तीन मृत्यू अशा घरांत होतात, जेथे अलार्म नव्हता किंवा असून चालू नव्हता. बंद का पडतो? बहुतेक वेळा बॅटरी काढलेली असते, किंवा संपलेली असते. आपल्याकडे तीच बॅटरी मुलाच्या खेळण्यात सापडेल!

महिन्यातून एकदा यंत्रावरचे टेस्टचे बटण काही सेकंद दाबून धरावे. मोठा आवाज आला पाहिजे. ज्यांच्याकडे शुक्रवारची सुट्टी असते, त्यांनी महिन्याचा पहिला शुक्रवार धरावा, म्हणजे विसर पडत नाही. एकाने बटण दाबावे आणि दुसऱ्याने आतल्या खोलीत दार लावून ऐकावे. म्हाताऱ्या माणसांना ऐकू येते का, मशिनी चालू असताना कारागिरांना येते का, हेही याच वेळी कळते. बटणाने बॅटरी आणि भोंगा तपासला जातो, पण आत धूर शिरायला वाट मोकळी आहे की नाही, हे त्याने कळत नाही. त्यासाठी खास टेस्ट स्प्रे मिळतो. काडी पेटवून किंवा अगरबत्ती, लोबानचा धूर देऊन पाहू नये. त्याची काजळी आत बसते.

मिनिटभराने एकदा बारीक "टिक" असा आवाज येऊ लागला, तर बॅटरी संपत आली आहे. त्या आवाजाला कंटाळून लोक यंत्रच उतरवून कपाटात टाकतात. बॅटरी बदला, यंत्र जागेवर राहू द्या. नऊ व्होल्टची साधी बॅटरी वर्षातून एकदा बदलावी. सीलबंद लिथियमची असेल तर ती यंत्राच्या आयुष्याएवढीच टिकते.

आपल्या धंद्यातला खरा शत्रू मात्र रुई. लूम, ओव्हरलॉक, कटिंग टेबल, जेथे जेथे कापड चालते तेथे तंतू उडतात आणि यंत्राच्या जाळीत जाऊन बसतात. मग एकतर ते विनाकारण वाजते किंवा अजिबात वाजत नाही. घरात सहा महिन्यांनी, तर शिलाईखाना लागून असेल तेथे दर महिन्याला मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने बाहेरून जाळी साफ करावी. पाणी, साबण, फिनेल काही लावू नये. रंगकाम करताना यंत्र झाकावे, त्यावर ब्रश फिरवू देऊ नये. पेस्ट कंट्रोलच्या वेळीही झाकावे आणि नंतर ती पिशवी आठवणीने काढावी. झुरळे व कोळी आत शिरतात. पावसाळ्यात दमटपणानेही भोंगा वाजतो. अशा वेळी खोली हवेशीर करावी. खुद्द लूमच्या शेडमध्ये आणि स्वयंपाकघरात धुराचे यंत्र टिकत नाही. तेथे उष्णतेवर चालणारे हीट डिटेक्टर लावतात.

ठाणे, डोंबिवलीच्या उंच इमारतींत राहणाऱ्यांची गोष्ट निराळी. तेथील छतावरचे डिटेक्टर खालच्या पॅनेलला तारेने जोडलेले असतात. त्यांना टेस्टचे बटण सहसा नसते. पॅनेलवर फॉल्टचा दिवा लागला असेल किंवा वॉचमनने कटकट नको म्हणून हूटर बंद ठेवला असेल, तर सगळी इमारत बहिरी झाली असे समजावे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार ही यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे 'ब' नमुन्यातील प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैमध्ये अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावे लागते. सोसायटीच्या सभेत चहा-बिस्किटांवर चर्चा होते, ही फाइल कोणी मागत नाही. मागा. एजन्सीचा माणूस येईल तेव्हा एखाद्या डिटेक्टरला आपल्यासमोर धूर द्यायला सांगा आणि पॅनेलच्या बॅटऱ्या किती वर्षांच्या आहेत ते विचारा. आपण तराजूला मुदतीत शिक्का मारून घेतो, मग यात संकोच कसला?

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. भोंगा वाजला, पण जिन्यात ताग्यांचे गठ्ठे रचलेले आणि कारागीर आत असताना शटरला बाहेरून कुलूप, तर त्या भोंग्याचा उपयोग काय? ६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत गोरेगावच्या एका इमारतीत पार्किंगमध्ये साठवलेल्या जुन्या कपड्यांनी पेट घेतला. धूर वर चढला आणि किमान सात जणांचा जीव गेला. जिना रात्री रिकामा हवा आणि आत झोपणाऱ्याकडे किल्ली हवी. मासिक तपासणीच्या दिवशीच, भोंगा ऐकून मुले व कारागीर किती वेळात रस्त्यावर येतात, ते एकदा करून पाहावे. बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२ ला फोन, आणि माल काढायला कोणी परत आत जायचे नाही.

विकत घेताना यंत्राच्या मागे छापलेली बनवल्याची तारीख पाहावी. तारखेपासून दहा वर्षे झाली की बटणाने आवाज येत असला तरी यंत्र बदलावे, कारण आतला सेन्सर मंदावतो. दुकानात धूळ खात पडलेला जुना माल कोणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नये. लावताना त्याच्या कडेवर बदलण्याचे वर्ष मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे, म्हणजे खाली उभे राहूनही वाचता येते.