चाकाचा ठोका : मोजावा कसा, ओळखावा कसा



ऊस विकास विभागाच्या पानावर आपण बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या, हुमणी हेच विषय वाचत आलात. तेथे मोटारीच्या चाकाचा विषय पाहून कोणी म्हणेल, शेतकी खात्याला आता गॅरेज काढायचे आहे काय? तसे काही नाही. आज बऱ्याच सभासदांच्या दारात जीप किंवा लहान मोटार उभी असते, ट्रॅक्टर-ट्रॉली तर आहेच, आणि गाळप हंगामात आमचा निम्मा दिवस याच चाकांवर जातो. "साहेब, चाकातून आवाज येऊन राहिला, काय करू?" हा प्रश्न आम्हाला हुमणीइतकाच विचारला जातो. मेकॅनिककडे जा, हे त्याचे उत्तर खरे. पण ते अपुरे आहे. "आवाज येतो" एवढेच सांगितले की पुष्कळ ठिकाणी आधी बेअरिंग बदलले जाते. आवाज तसाच राहतो. मग ड्रम उघडला जातो, मग दुसऱ्या बाजूचे बेअरिंग. खर्च सभासदाचा, आणि दोष जिथल्या तिथे.

आवाज किती मोठा आहे यावरून दोष ओळखता येत नाही. तो किती वेळा येतो यावरून ओळखता येतो. टक्, टक्, टक् असा तालावर येणारा ठोका म्हणजे कोणती तरी फिरणारी वस्तू फेऱ्यागणिक कशाला तरी लागते आहे, किंवा तिच्यावरचे काही तरी हलते आहे. गाडीत फिरणाऱ्या वस्तू अनेक, पण सगळ्या सारख्या फिरत नाहीत. म्हणून ठोके मोजायचे, चाकाचे फेरे मोजायचे आणि दोन्हींचा मेळ घालायचा. याला यंत्र लागत नाही. खडूचा तुकडा लागतो. तोही नसला तर पानाच्या डब्यातला चुना चालतो.

सपाट जागी गाडी न्यावी. टायरच्या बाजूवर एक ठळक खूण करावी. इंजिन बंद, चावी लावलेली, एक माणूस स्टिअरिंगवर ब्रेकवर पाय ठेवायला तयार. दोघांनी मागून गाडी माणसाच्या चालीने ढकलावी आणि एकाने चाकाच्या बाजूने, जरा अंतर राखून, चालावे. खूण खाली आली की एक फेरा. लहान मोटारीच्या चाकाचा घेर साधारण पावणेदोन मीटर असतो, म्हणजे तीस मीटर ढकलली की सतरा फेरे होतात. तेवढे पुरे. धावत्या गाडीत ही मोजणी होत नाही. ताशी २० किलोमीटरला तेच चाक मिनिटाला सुमारे १९० वेळा फिरते, ते कोण मोजणार?

आता मेळ. सतरा फेऱ्यांना सतराच ठोके आले, तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत आहे. टायरच्या खाचेत अडकलेला दगड, टायरला आलेला फुगा, वाकडी झालेली रिम, ढिले नट, लंबगोल झालेला ब्रेकचा ड्रम. मुरुमाच्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर आल्यावर ठोका सुरू झाला आणि कच्च्या रस्त्यावर पुन्हा दबला, तर दगड समजावा. त्याला पेचकस पुरतो. फुगा दिसला तर मात्र त्या टायरवर गाडी पुढे नेऊ नये.

एका फेऱ्यात चार-पाच ठोके पडत असतील आणि गाडी मागच्या चाकांवर चालणारी असेल, जशा आपल्या जुन्या जीपा, तर गाडीखालचा लांब शाफ्ट पाहावा. चाक एकदा फिरते तेव्हा तो साधारण चार ते पाच वेळा फिरतो, आणि त्याच्या टोकांचे क्रॉस झिजले की तेथून ठोका येतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत, म्हणजे डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आलेल्या मारुती ८०० पासून पुढच्या बहुतेक लहान मोटारींत, हा लांब शाफ्ट नाही. तेथे दोष वेगळ्या जागी येतो. पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांवर रबरी पिशवी असते. ती फाटली की ग्रीस उडते, धूळ शिरते आणि सांधा झिजतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवताना टक्-टक् येते, सरळ जाताना येत नाही. पिशवी फाटल्याचे वेळीच पाहिले तर पिशवीवर भागते, नाही तर सगळा सांधा घालावा लागतो.

आणि बेअरिंग? त्याचा स्वभावच निराळा. त्यातल्या गोळ्यांचा पिंजरा चाकाच्या बरोबरीने फिरत नाही, मागे पडतो. म्हणून बिघडलेले बेअरिंग बहुधा फेऱ्याला एक असा स्वच्छ ठोका देत नाही. ते घरघरते, गुणगुणते, वेगाबरोबर सूर चढवते. रिकाम्या, रुंद रस्त्यावर सावकाश वळण घ्यावे. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढली तर उजवीकडचे बेअरिंग संशयित. उजवीकडे वळताना वाढली तर डावे. ब्रेकवर हलका पाय ठेवताच आवाज बदलला, तर ड्रम, डिस्क किंवा लायनर आधी पाहावे.

या मोजणीचा उपयोग किती, हे कुरखेड्याला दिसले. आमच्या गटातील एका सभासदाच्या मोटारीतून आम्ही चौघे लाखांदूर, वडसा करीत तेथे लग्नाला गेलो होतो. कुरखेडा हे गडचिरोली जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. मुलूख धानाचा आणि जंगलाचा, उसाचे नाव नाही. वाटेत पंक्चर झाले, एका ठिकाणी ते काढून घेतले, मुक्कामी पोचलो. दुसऱ्या दिवशी गावातल्या बोळातून गाडी बाहेर काढताना डाव्या बाजूने टक्, टक्, टक्. रस्त्याला लागून वेग घेतला की आवाज बंद. गाडीमालक म्हणाले, "गेला आवाज, खडा असेल." परत येताना वेग कमी केला, बोळ आला की पुन्हा टक्, टक्. दुपारी त्याच गाडीने बेडगावच्या घाटातून कोरचीला जायचे होते, तेही दोन म्हातारी माणसे आणि लहान मुले घेऊन.

गाडीमालकांचे मामाजी ओट्यावर बसून ऐकत होते. सारा जन्म खासर हाकण्यात गेलेला माणूस. मोटारीतले त्यांना काही ठाऊक नाही. ते एवढेच म्हणाले, "जावईबापू, चाकासंग फिरते तो आवाज. मंग चाकातच हाय." लाकडी चाकाची आस सुकली, धाव ढिली झाली, आरा हलला, प्रत्येकाचा आवाज वेगळा, ज्याने वर्षानुवर्षे चाकांना वंगण दिले त्याचा कान अशा बाबतीत आपल्यापेक्षा तयार असतो. मी चुन्याची खूण केली, पोरांनी गाडी ढकलली. दहा फेरे, दहा ठोके. टायरमध्ये दगड नाही, फुगा नाही. बाहेरून चाक नवे असल्यासारखे, कारण त्यावर प्लॅस्टिकची चकचकीत टोपी. ती टोपी उचकटली तेव्हा आतून एक नट घरंगळत जमिनीवर पडला. चारांपैकी एक नट सुटून टोपीत पडलेला. उरलेल्या तिघांपैकी दोन बोटाने फिरत होते आणि एका स्टडचे आटे झिजलेले. पंक्चर काढल्यावर चाक जॅकवर अधांतरी असतानाच नट हलके आवळले गेले, गाडी खाली उतरवून पुन्हा पाना लावला गेला नाही, हे उघड होते.

वेगात आवाज का बंद होत होता, हे समजून घेण्यासारखे आहे. पाण्याने भरलेली बादली हात लांब करून गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही. सावकाश फिरवली तर डोक्यावर येते. टोपीतल्या नटाचे तसेच. चाक हळू फिरते तेव्हा नट वर चढतो आणि खाली पडतो, दर फेऱ्याला एक ठोका. मध्यापासून १५ सेंटिमीटरवर असलेला नट लहान मोटारीत ताशी आठ-दहा किलोमीटरच्या पुढे टोपीच्या कडेला चिकटून राहतो आणि गप्प बसतो. म्हणजे आवाज थांबला तेव्हाच चाक सर्वांत जास्त धोक्यात होते, आणि गाडीतली माणसे सर्वांत निर्धास्त. घाटात काय झाले असते ते लिहीत नाही. तिन्ही चांगल्या चाकांचा एकेक नट काढून चारही बाजूंना तीन-तीन ठेवता येतात, पण येथे स्टडच खराब असल्याने आम्ही ते चाक उतरवून स्टेपनीबरोबर मेकॅनिकलाच घरी बोलावले. नवा स्टड आणि नट बसेपर्यंत गाडी हलवली नाही. कोरचीला बसने गेलो.

चाकाच्या आवाजाकडे दुर्लक्ष होणे हे खेड्यातच घडते असे नाही. ३ जून १९९८ रोजी जर्मनीत एशेडे गावाजवळ अतिवेगवान रेल्वेगाडी घसरली, १०१ माणसे गेली. एका चाकावरची पोलादी धाव आतून चिरत जाऊन तुटली होती. त्या चाकांच्या आवाजाच्या आणि हादऱ्यांच्या तक्रारी कर्मचाऱ्यांनी आधीच नोंदवलेल्या होत्या. स्टेशनात गाडी उभी असताना हातोडीने एकेक चाक ठोकत जाणारा माणूस आपल्यापैकी जुन्यांनी पाहिला असेल. अखंड चाक घंटेसारखे वाजते, चिरलेले भद्द वाजते, एवढ्यावर त्याची नोकरी होती.

आता ट्रॉलीकडे. येथे वरची बरीचशी विद्या चालत नाही, कारण ट्रॅक्टरच्या धडधडीत मागच्या चाकाचा ठोका ड्रायव्हरला ऐकूच येत नाही. हल्ली तर टेपही मोठ्याने लावलेला असतो. (गाण्याला आमचा विरोध नाही, पण कारखान्याच्या रांगेत शिरताना तरी बंद ठेवावा.) म्हणून ट्रॉलीचे चाक कानाने नव्हे, हाताने तपासायचे. फडातून निघून काही अंतर गेल्यावर पहिला थांबा घ्यावा आणि हबजवळ हाताची पालथी बाजू न्यावी. दोन्ही बाजू सारख्या कोमट असाव्यात. एक बाजू चटका देत असेल तर तेथे ग्रीस संपले आहे किंवा बेअरिंग जास्त आवळले आहे. तसेच पुढे दामटले तर बेअरिंग जळते, आस खराब होते आणि चाक भरल्या ट्रॉलीखालून निघून जाते. रात्रीच्या वेळी, मागून मोटारसायकलवाले येत असताना हे झाले तर नुकसान उसापुरते राहत नाही. उसाचे म्हणाल तर तोडलेला ऊस रस्त्यावर पडून राहिला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात, आणि ते काट्यावर कोणी भरून देत नाही.

हंगामापूर्वी ट्रॉलीचे चारही हब उघडावेत. जुने ग्रीस रॉकेलने वा डिझेलने धुऊन काढावे, जुन्यावर नवे थापू नये. बेअरिंगच्या गोळ्यांवर निळसर डाग किंवा खड्डे दिसले तर ते बदलावे, बाहेरच्या वाटीसकट. ग्रीस तळहातावर घेऊन गोळ्यांच्या मधोमध शिरेपर्यंत दाबावे. वरून फासलेले ग्रीस दोन खेपांत निघून जाते. मधला नट आवळताना चाक हाताने फिरवत राहावे, चाक जड झाले की नट थोडा मागे घ्यावा. चाक मोकळे फिरले पाहिजे, पण वरून-खालून धरून हलवले तर डुगडुगता कामा नये. त्यानंतर फूटपिन नवीन घालावी. जुनी सरळ करून पुन्हा वापरलेली फूटपिन तुटते, आणि तिच्या जागी तारेचा तुकडा किंवा खिळा घातलेल्या ट्रॉल्या आम्ही दर हंगामात पाहतो.

मोटार असो की ट्रॉली, चाक काढून पुन्हा बसवले की नट समोरासमोरचे, आडवेतिडवे आवळावेत, एकामागून एक गोल नव्हे. शेवटचा आवळ गाडी जमिनीवर उतरल्यावर द्यावा, आणि चाळीस-पन्नास किलोमीटर गेल्यावर त्याच पान्याने पुन्हा एकदा पाहावे. पंक्चरवाल्याकडून निघताना पाना त्याच्या हातातून घेऊन स्वतः एकदा लावला तर त्याला राग येत नाही.

चाकाबद्दल शंका असल्यास गट कार्यालयात सकाळी दहाच्या आत यावे. खडू आमच्याकडे असतो. ढकलायला दोन माणसे सोबत आणावीत.